थंडोबाचा थर्मोस्टॅट

माझ्या भावोजींना सगळं गाव थंडोबा म्हणतं, आणि यात गावाचं काही चुकत नाही. माझा भाचा जन्मला त्या दिवशी दवाखान्यातून निरोप आला, तेव्हा हे महाशय एका ट्रकचा गळका रेडिएटर सोल्डर करत होते. निरोप आणणाऱ्याला म्हणाले, "बस जरा. एवढी कड पुरी करतो." कड पुरी झाली. मग साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, नखं घासली, शर्ट बदलला, आणि तिथे पोचले तोवर भाचा दूध पिऊन झोपलासुद्धा होता. माझी ताई यावर कधी रागावली नाही. तिच्या वाटचं मीच रागावते. घरात एकाने तरी तापायला हवं.

त्यांचं दुकान म्हणजे रस्त्याकडेची पत्र्याची शेड. आत कमरेइतक्या उंचीची सिमेंटची टाकी, काठोकाठ पाण्याने भरलेली. रेडिएटर टाकीत बुडवायचा, एक तोंड बुचाने बंद करून दुसऱ्यातून हवा सोडायची, आणि बुडबुडा कुठून वर येतो ते बघत उभं राहायचं, हा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा. मोठं भोक कुणालाही सापडतं. पण केसाएवढ्या चिरेतून दोन-तीन मिनिटांनी एखादा बुडबुडा सुटतो, तो पकडायला माणूस थंडोबाच लागतो. ते टाकीवर वाकले की गिऱ्हाईकसुद्धा हळू आवाजात बोलतं.

मी त्यांची मेहुणी. छापखान्यात बत्तीस वर्षं मुद्रितं तपासली, आता निवृत्त होऊन त्यांच्या शेजारच्याच गल्लीत राहते. दुसऱ्याच्या चुका काढणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग होता, आणि उद्योग सुटला तरी खोड काही सुटलेली नाही. औषधाच्या खोक्यातला कागदसुद्धा मी पेन्सिल घेऊन वाचते. भावोजी मला 'काना-मात्रा' म्हणतात. "आली का काना-मात्रा? आज कुणाचा ऱ्हस्व दीर्घ केलास?" असं विचारल्याशिवाय ते मला चहा देत नाहीत.

त्यांचा एक लाडका सिद्धांत होता, आणि तो त्यांनी आसपासच्या झाडून सगळ्या ड्रायव्हरांना शिकवला होता. थर्मोस्टॅट काढून टाका! थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवरची लिंबाएवढी झडप. इंजिन गार असताना ती मिटलेली असते, आणि पाणी पुरेसं तापलं की आपोआप उघडून त्याला रेडिएटरकडे निवायला सोडते. "घराला आग लागल्यावर कुणी दाराला कडी लावतं का?" भावोजी विचारायचे. "फिरू दे की पाणी मोकळं!"

हे वेड त्यांच्या डोक्यात उगाच शिरलेलं नव्हतं. काम शिकत होते तेव्हा त्यांच्या उस्तादाच्या लॉरीत ही झडप एकदा मिटली ती उघडलीच नाही, आणि इंजिन तडकलं. उस्ताद त्या इंजिनाशेजारी बसून लहान मुलासारखे रडले होते. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. भावोजींनी ताकच बंद केलं. बावीस वर्षांपूर्वी स्वतःची नवी कोरी पिकअप घरी आणली, तर त्याच संध्याकाळी तिची झडप काढली. गाडीत आलेल्या माहितीपुस्तकाचं प्लास्टिक मात्र फाडलं नाही. "ज्याला इंजिन ऐकू येत नाही, त्याने पुस्तक वाचावं," म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात त्या पिकअपवर माझ्या बहिणीचं घर टिकणार की मोडणार ते ठरायची वेळ आली.

ताईच्या फुप्फुसांनी दोन वर्षांपासून दगा द्यायला सुरुवात केली होती. त्या हिवाळ्यात डॉक्टरांनी तिला दर गुरुवारी सकाळी दहाला डोंगरापलीकडच्या मोठ्या दवाखान्यात यायला सांगितलं. श्वासाचे व्यायाम आणि तपासणी, एकही गुरुवार चुकवायचा नाही. बसमध्ये तिचा जीव घुसमटतो, म्हणून पिकअप. भावोजी स्टिअरिंगवर, मी मध्ये गिअरच्या दांड्यापासून गुडघे वाचवत, आणि ताई खिडकीशी. जन्मभर सपाटीवर पळालेल्या त्या गाडीला घाट सोसेना. पहिले तीन गुरुवार इंजिनाच्या तापमानाचा काटा वर जाऊन कसाबसा माघारी आला. चौथ्या गुरुवारी घाटातच पाणी उकळलं, आणि पाचव्याही. दोन्ही वेळा ताईची तपासणी चुकली.

पाचव्या गुरुवारी भाच्याचा फोन आला, ताईने तो स्पीकरवर लावला. तो डोंगरापलीकडेच राहतो, त्या दवाखान्यापासून दहा मिनिटांवर. "बाबा, अजून एकदा गाडी घाटात उकळली, तर मी येऊन आईला इकडे घेऊन जाणार. कायमचं. मावशी, तू तरी समजाव यांना." पोरगा वाईट नाही, आईच्या काळजीनेच बोलत होता. पण त्याचं घर म्हणजे सातव्या मजल्यावरच्या दोन खोल्या, त्यात चार माणसं. ताईसाठी एक पलंग कसातरी मावला असता, भावोजींसाठी मावला नसता. आणि शेड सोडून ते गेलेही नसते.

"लेकाचंच घर आहे गं," ताई मला म्हणाली, "पण तिथे मी पाहुणीच. आणि इथे यांच्या भाजीत मीठ कोण घालणार? हे मीठ घालायचं विसरतात आणि तसंच जेवतात. कळतसुद्धा नाही यांना." एवढं बोलायला तिला तीनदा थांबावं लागलं. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात ती दोघं एकमेकांना सोडून चार दिवसांच्या वर कधी राहिली नव्हती.

शुक्रवारी सकाळी भावोजींनी शेडवर पाटी लावली, 'काम बंद आहे', आणि पिकअप आत घेतली. मी 'आहे'पुढे पूर्णविराम दिला आणि एक स्टूल घेऊन बसले.

त्यांनी आधी सगळं पाणी सोडलं. तांबूस, गंजाळलेलं. मग रेडिएटर उतरवला, त्याची वरची टाकी उघडली आणि एकेका नळीतून पातळ पट्टी फिरवून गाळ काढला. छप्पन्न नळ्या होत्या, मी मोजल्या. एकीलाही त्यांनी घाई केली नाही. पाण्याच्या पंपाचा दांडा हलवून पाहिला, किंचित डुलत होता, तर पंपच नवा घातला. रबरी नळ्या दाबून पाहिल्या आणि दोन बदलल्या. पंख्याचा पट्टा बदलला. रेडिएटरच्या झाकणाचं रबर नखाने टोकरून पाहिलं, तेही नवं आणलं. शनिवारी संध्याकाळी हात पुसत म्हणाले, "आता हिच्यात जुना फक्त ड्रायव्हर राहिला."

रविवारी आम्ही दोघंच घाटात गेलो, ताईला न घेता, परीक्षेपुरतं. पायथ्यापर्यंत गाडी अशी गेली की मी आडून आडून त्यांचं कौतुकसुद्धा केलं, आणि ते माझ्याकडून सहज होत नाही. पहिल्या वळणावर काटा हलला, दुसऱ्यावर चढला. तिसऱ्या वळणावर बॉनेटच्या फटीतून वाफ आली.

भावोजींनी गाडी कडेला घेतली आणि खाली उतरून नुसते उभे राहिले. हा माणूस मी कधी घाबरलेला पाहिला नव्हता. त्या दिवशी पाहिला. "सगळं तपासलं गं," ते म्हणाले. "एकूण एक भाग तपासला." मग दरीच्या बाजूच्या कठड्यावर जाऊन बसले. इंजिन निवायला पाऊण तास लागणार होता.

मला रिकामं बसवत नाही. वाचायला काही मिळतंय का म्हणून मी सीटमागे हात घातला, तर जॅकच्या खाली ते पुस्तक, प्लास्टिकसकट. मी प्लास्टिक फाडलं. सत्तेचाळिसाव्या पानावर चौकटीत छापलं होतं: 'थर्मोस्टॅट काढून इंजिन कधीही चालवू नये. तसे केल्यास परतीचा जवळचा मार्ग उघडा राहून तापलेले पाणी रेडिएटरकडे न जाता पुन्हा इंजिनात शिरते व चढावर इंजिन अतितृप्त होते.' अतितप्तचं अतितृप्त झालेलं. एरवी मी तेवढ्यावरच अडून बसले असते. त्या दिवशी पेन्सिल हातात घ्यावीशी वाटली नाही.

समोर कठड्यावर ते पाठमोरे बसले होते. त्यांनी खरंच एकूण एक भाग तपासला होता. जो भाग गाडीत नव्हताच, तो कसा तपासणार? बत्तीस वर्षं मी भल्याभल्या लेखकांच्या तोंडावर चुका फेकल्या, पण ही चूक त्या पाठमोऱ्या माणसाला सांगवेना. पुस्तक पिशवीत टाकलं. परत येताना भावोजींनी दोनदा विचारलं, "तुला बरं नाही का?"

संध्याकाळी ते शेडवर गेल्यावर मी ताईला सगळं सांगितलं. वाटलं, ती म्हणेल, राहू दे, त्यांना लागेल. ती बराच वेळ श्वास गोळा करत राहिली. मग म्हणाली, "सांग त्यांना. पण मी समोर असताना सांग. एकट्याने ऐकायला नको."

सोमवारी सकाळी तिघं चहाला बसलो असताना मी ते पान मोठ्याने वाचून दाखवलं. भावोजींनी कप खाली ठेवला. आणि थंडोबा तापले हो! त्यांचे कान लाल झालेले मी पहिल्यांदाच पाहिले.

"छापलेलं सगळं खरं असतं का?" ते कडाडले. "तूच सांगत असतेस ना, पानोपानी चुका असतात म्हणून! चाळीस वर्षं मी काय झोपा काढल्या? शेकडो गाड्यांच्या झडपा काढल्या या हातांनी. शेकडो!"

"म्हणूनच म्हणते," मी म्हटलं. ते तडक शेडवर निघून गेले. ताई त्यांच्या कपावर बशी झाकून बसली.

तासाभराने परत आले. "ते पुस्तक दे," म्हणाले. चष्मा लावला आणि सत्तेचाळिसाव्या पानावरच्या आकृतीवरून बोट फिरवू लागले. इंजिनापासून रेडिएटर, रेडिएटरपासून इंजिन, आणि मध्येच ती परतीची आखूड वाट. टाकीवर वाकून बुडबुड्याची वाट बघतात ना, तसेच बघत होते. शेवटी ते स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "झडप उघडते, तेव्हाच ही आखूड वाट बंद करते. एकाच वेळी दोन कामं. मी एकच बघितलं." चष्मा काढला. "माझं चुकलं. गाडी माझ्यामुळेच उकळतेय."

मी जन्मभर लोकांना चुका दाखवल्या. त्यावर भांडणारे पाहिले, रुसणारे पाहिले, कंपोझिटरवर ढकलणारे तर रोजचेच. इतक्या सरळपणे चूक स्वतःच्या अंगावर घेणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला, आणि तो माझ्या बहिणीचा नवरा निघाला याचा मला अभिमान वाटला. तोंडाने मात्र मी एवढंच म्हटलं, "चहा निवला, दुसरा टाकते."

मग दुसरीच पंचाईत. सुट्या भागांच्या दुकानात थर्मोस्टॅटच नाही! दुकानदार एकेकाळी भावोजींच्याच हाताखाली शिकलेला, आता त्याचेही केस पांढरे झालेले. "थर्मोस्टॅट?" तो म्हणाला. "आणि तुम्हाला? अहो, तुम्हीच तर या गावातून त्याचं नाव पुसलंत. दहा वर्षांत एकाने मागितला नाही." काउंटरवर चार ड्रायव्हर उभे होते, ते फिदीफिदी हसले.

"मला हवाय," भावोजी शांतपणे म्हणाले. ते पुन्हा मूळपदावर आले होते. "आणि एक नको, डझनभर मागव. या चौघांच्याही गाड्यांत बसवायचेत. मीच काढलेत, मीच बसवून देतो." चौघांचंही हसू थांबलं.

बुधवारी दुपारी माल आला. भावोजी एक झडप घेऊन थेट स्वयंपाकघरात शिरले. पातेल्यात पाणी घेतलं, झडप दोऱ्याला बांधून आत सोडली आणि ताईचा तापमापक मागितला. "तो माझ्या तोंडात घालायचा आहे," ताई म्हणाली, "आणि उकळत्या पाण्यात फुटेल." मग मी छापखान्यातला, रसायनांसाठी वापरायचो तो, घरून आणला. तिघं शेगडीभोवती उभे राहिलो. साठ, सत्तर, पंचाहत्तर, झडप ढिम्म. ब्याऐंशीला ती हळूच उघडायला लागली. भावोजींनी गॅस बंद केला, पाणी निवलं तशी ती मिटली. पुन्हा गॅस लावला. असं चार वेळा केलं.

"झालं की," मी म्हटलं. "उघडतेय, मिटतेय. किती वेळा बघणार?"

"चाळीस वर्षं नुसत्या काढून फेकल्या गं," ते म्हणाले. "काम करताना एकदाही बघितली नव्हती."

संध्याकाळपर्यंत झडप बसली. मग नव्या पाण्यातली हवा काढायची होती. गाडीचं नाक चढाला लावून, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू ठेवायचं आणि बुडबुडे संपेपर्यंत थांबायचं. माझा धीर दहा मिनिटांत संपला. ते तासभर उभे होते.

गुरुवारी आठला निघालो. थंडी अशी की खिडकीची काच आतून ओली. ताईचा त्या गाडीत बसायचा एक ठरलेला पोशाख होता. दोन जोड मोजे, लोकरी टोपी, शाल, आणि मांडीवरून पायांपर्यंत ब्लँकेट. ती तशी बसली. गाव मागे पडलं, सपाट रस्ता सुरू झाला. आम्ही दोघं काट्यावरून नजर हलवत नव्हतो. काटा वर आला आणि बरोबर मधोमध थांबला.

"अहो," ताई म्हणाली, "माझ्या पायाशी काहीतरी गरम येतंय."

भावोजींनी कचकन ब्रेक दाबला. त्यांना वाटलं, नळी फुटली. उतरले, बॉनेट उघडलं, एकेक जोड चाचपला. सगळं कोरडं ठणठणीत. मग ताईच्या बाजूचं दार उघडून त्यांनी तिच्या पायांशी हात धरला. हवा येत होती. नुसती गरम हवा. हवा काढताना ओढलेला खटका तसाच राहिल्याने हीटर चालू होता.

गाडीच्या हीटरला ऊब मिळते ती इंजिनातल्या तापलेल्या पाण्याची. झडपेवाचून हिवाळ्यात सपाटीवर ते पाणी पुरतं तापतच नव्हतं. बावीस वर्षं तो खटका ओढला की विहिरीतून आल्यासारखी झुळूक यायची.

भावोजी तसेच रस्त्यात उभे. "तुला इतकी वर्षं इथे थंडी वाजायची?"

"वाजायची की," ताई म्हणाली. "पायाची बोटं बधिर व्हायची."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते एकदा, गाडी नवी होती तेव्हा. तुम्ही म्हणालात, या गाडीचा हीटर असाच. म्हटलं, असेल. तुम्हाला गाडीतलं कळतं."

मी म्हटलं असतं तर त्या वाक्याला धार आली असती. ताईच्या बोलण्यात टोमणा औषधालासुद्धा नव्हता. तिला खरोखर तसंच वाटत होतं, आजही. भावोजींनी दार हलकेच लावलं, फिरून आपल्या जागी येऊन बसले आणि गाडी सुरू केली. मग घाटाचा पायथा आला.

पहिलं वळण. दुसरं. तिसऱ्या वळणावर मी ताईचा हात धरला होता. काटा दोन केसांनी वर गेला आणि परत जागेवर आला. सातव्या वळणावर समोर नुसतं आभाळ दिसायला लागलं, म्हणजे माथा आला.

"लाव गं त्याला फोन," ताई मला म्हणाली. "म्हणावं, पलंग मांडू नकोस. तुझी आई आपल्या घरी राहणार आहे."

मी फोन लावला. भाचा पलीकडून काहीबाही विचारत होता, काटा कुठे आहे, वाफ येतेय का, आणि भावोजी पुढच्या रस्त्याकडे बघत जोरजोरात डोळे मिचकावत होते. ते रडत होते, हे मी त्याला सांगितलं नाही.

दवाखान्याच्या आवारात पोचलो तेव्हा दहाला बारा मिनिटं कमी होती. भावोजी उतरून ताईच्या बाजूला गेले. तिला वाकता येत नाही, दम लागतो. त्यांनी ब्लँकेट काढलं, दाराशी उकिडवे बसले, आणि तिच्या पायातला वरचा मोज्यांचा जोड काढला, मग खालचाही. तळहात कामाने राठ झालेत म्हणून असेल, हाताची मागची बाजू त्यांनी तिच्या पावलांना लावून पाहिली. आधी एका, मग दुसऱ्या.

"गरम आहेत," ते म्हणाले.

"असणारच," ताई म्हणाली. "उठा आता. लोक बघतायत, आणि आपल्याला उशीर होतोय."

पण ते उठले नाहीत. तिचे पाय दोन्ही हातांत धरून तसेच बसून राहिले.